थोरला दीर

नळाची चावी अर्धीच फिरत होती. चंद्राबाईंनी पदराचं टोक त्या बारीक धारेखाली धरलं, पिळलं आणि कपाळावर घासलं. एकदा घासून भागलं नाही. त्यांनी टोक पुन्हा भिजवलं.

"गेलं का?"

नाथाजींनी वाकून पाहिलं. "भुवईपाशी राहिलंय जरा. डाव्या अंगाला."

"मग पुसा की तुमीच."

नाथाजींचा हात निघाला आणि मधेच थांबला. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. एक सायकलवाला दुधाच्या किटल्या अडकवून निघून गेला. समोरच्या पिठाच्या गिरणीत पट्टा फिरत होता. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तरी हात पुढं गेला नाही.

"राहू द्या," म्हणत चंद्राबाईंनी अंदाजानंच भुवई पुसली. "तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई त्ये."

मग पाठ वळवून त्यांनी डोरलं चोळीच्या आत सारलं. बांगड्यांची अडचण आता राहिली नव्हती. हातांवर सूज चढली तेव्हा कासारणीनंच साबण लावून एकेक बांगडी उतरवली होती. उतरवताना कासारीण रडली होती, चंद्राबाई नाही.

कुंकवाची डबी नाथाजींच्या हातात होती. लाकडी, लाखेनं रंगवलेली, औंधला यमाईच्या जत्रेत घेतलेली. झाकण कधीचंच सैल झालं होतं, म्हणून त्यावर दोरा गुंडाळलेला असे. नाथाजींनी दोरा घट्ट केला आणि डबी बंडीच्या खिशात टाकली.

"हं, इचारा."

"काय?"

"नेमीचंच. आत गेल्यावर इचारत्यात त्ये."

"नाव काय?" नाथाजींनी हळू आवाजात विचारलं.

"मनुबाई सयाजी घार्गे."

"नवरा काय करत हुता?"

"मिल्ट्रीत हुता. टरक दरीत गेला." चंद्राबाईंना हसू आलं. "आवं, शेंबूड पुसलाय मी त्याचा. नांदाय आले तवा माज्या कडंवर असायचा भावजी. आता म्हनं हो त्याची बायकू."

हसता हसता त्यांना धाप लागली. त्यांनी भिंतीचा आधार घेतला. नाथाजी नुसते उभे राहिले. आधार द्यावा तर पुढच्याच वळणावर दवाखाना होता, आणि तिथून कुणी पाहिलं तर थोरल्या दिरानं भावजयीला असं धरणं कसं दिसेल, याचा विचार त्यांच्या मनात आधी आला. मग त्याचीच त्यांना लाज वाटली.

माधवनगरच्या कापडगिरणीत मागाचे साचे चालवता चालवता नाथाजींची साठी झाली होती. शेवटच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी हार घातला, नारळ दिला. विम्याच्या दवाखान्याचं कार्ड त्यानंतरही काही महिने चाललं. गिरणीत असताना जे पगारातून कापलेलं असे, त्याची ती मुदत होती. त्याच मुदतीत त्यांच्या बायकोचे, चंद्राबाईंचे, पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि सांगितलं की हृदय मोठं झालंय. रोज गोळी, आठवड्याला पाणी उतरवायचं इंजेक्शन, आणि यातलं काहीही थांबवायचं नाही. थांबवलं तर पाणी छातीत चढेल.

मग मुदत संपली. सिव्हिलात चिठ्ठी फुकट मिळे, पण औषध बाहेरून घ्यावं लागे. बाहेरून त्यातलं अर्धंच परवडत होतं, आणि अर्ध्या औषधानं सूज अर्धी उतरत नसे. ती अजिबात उतरत नसे.

नाथाजी विम्याच्या कचेरीत गेले तेव्हा विजयमाला बरोबर होती. ती त्यांची एकुलती मुलगी. सासरहून परत आली होती आणि बापाच्याच गिरणीत कांड्या भरायचं काम करत होती. खिडकीतला कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं नाथाजींना बाकावर बसायला सांगितलं.

"आजोबा, नियम साधा आहे. विमा कामगाराचा. तुम्ही आता कामगार नाही, म्हणून तुमचा नाही, तुमच्या कुटुंबाचाही नाही."

"मी हाय की कामगार," विजयमाला म्हणाली. "माज्या कार्डावर घाला आईला."

"पुरुष कामगार असला तर त्याचे आई-बाप त्याच्या कार्डावर येतात, त्याच्यावर अवलंबून असले तर. बाईच्या कार्डावर तिचे आई-बाप येत नाहीत."

"का वं? मला आईनं जल्म दिला न्हाई व्हय?"

"तसं नाही. बाईचे आई-बाप तिच्या भावाकडं असतात, असं धरलेलं आहे."

"भाऊ न्हाई मला."

कारकुनानं चष्मा काढून पुसला. "मग नाही," तो म्हणाला.

"पगारातनं कापताना बाईचं म्हणून कमी कापत्यात का?"

"नाही. ते सारखंच."

"लय बेस," विजयमाला म्हणाली. नाथाजींनी तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं. येताना ते कारकुनाला नमस्कार करायला विसरले नाहीत.

त्या आठवड्यात धनाजी आला. धनाजी म्हणजे नाथाजींच्या धाकट्या भावाचा, सयाजीचा मुलगा. सयाजी मिल्ट्रीत असताना अपघातात गेला आणि मागून वर्षाच्या आत धनाजीची आई मनुबाईही तापानं गेली. पोर लहान होतं. चंद्राबाईंनी त्याला विजयमालेच्या ताटात जेवू घालून वाढवलं. तो त्यांना थोरल्याई म्हणायचा. आता सांगलीत एका कारखान्यात लागला होता आणि तिथंच खोली करून राहत होता.

टोपी मांडीवर ठेवून तो बसला. मग म्हणाला, "थोरल्याई, माज्या कार्डावर आई हाय."

"कोन आई?"

"मनुबाई."

कुणाला काही समजेना. मग त्यानं सांगितलं. नोकरीला लागताना कार्ड करणाऱ्यानं आईचं नाव विचारलं होतं. शाळेत विचारलं, मिल्ट्रीच्या कचेरीत विचारलं, तसंच हेही, असं समजून त्यानं सांगून टाकलं होतं. वडिलांच्या नावाआधी कैलासवासी म्हणायची घरची शिकवण होती, म्हणून तिथं तो कैलासवासी सयाजी म्हणाला. आईच्या नावाआधी तसं काही म्हणतात हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो नुसतं मनुबाई म्हणाला. लिहिणाऱ्यानं ऐकलं तसं लिहिलं. बाप मयत, आई विधवा, मुलावर अवलंबून.

"म्हंजी ती जित्ती हाय तिथं," चंद्राबाई म्हणाल्या.

"व्हय. कवा गेली न्हाई दवाखान्यात, एवडंच."

विजयमालेला पहिल्यांदा उमगलं. तिनं आईच्या कपाळाकडं पाहिलं. "दादा, अरं, मनुकाकी रांडव हाय त्या कार्डावर."

धनाजी टोपीची घडी घालत राहिला. "म्हनूनच आठ दिस आलो न्हाई," तो म्हणाला.

नाथाजींना वाटलं आपण नाही म्हणावं. घरातल्या कर्त्यानं अशा वेळी नाही म्हणायचं असतं. मग वाटलं, नाही म्हटल्यावर पुढं काय सांगायचं? त्यांनी घसा खाकरला. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पुन्हा एकदा घसा खाकरला.

"कपाळाचं काय," शेवटी चंद्राबाईच म्हणाल्या, "पुसलं तर परत लावता येतंय. दम गेला तर कुटनं आणू?"

"आन् तिथंच काय बरंवाईट झालं तर?" विजयमाला म्हणाली. "तूच म्हनतीस न्हवं, मला कपाळ भरून, हिरवं नेसवून न्या म्हनून?"

"तुजी जीभ लय लांब हाय बग. म्हनूनच नांदली न्हाईस," चंद्राबाई म्हणाल्या, पण रागानं नाही. मग धनाजीकडं वळून म्हणाल्या, "तुजी नोकरी जाईल रं लेकरा, कळलं तर."

"कळतंय कशानं? तिला बघितलेलं हाय कुणी?"

ते खरंच होतं. सांगलीच्या दवाखान्यात मनुबाईला पाहिलेलं कुणी नव्हतं. नाथाजींच्या मनात आलं की पाहिलेलं तर आपणही नाही. मनुबाई इतकी वर्षं त्यांच्या घरात वावरली, पण थोरल्या दिरापुढं ती कायम डोक्यावरून पदर ओढून, तोंड भिंतीकडं करून असायची. सांगायचं असेल ते तिसऱ्याला सांगायची. "भावजींस्नी म्हणावं, पाणी काढलंय." खोलीत दुसरं कुणी नसलं तर चुलीला सांगायची. नाथाजींना तिची पाठ आठवत होती, पदराचा काठ आठवत होता. कपाळ कधी दिसलंच नव्हतं.

तेव्हापासून दर आठवड्याला माधवनगरहून सांगलीची मोटार, एक थांबा आधी उतरणं, हा नळ. परतताना पुन्हा इथंच थांबून चंद्राबाई कुंकू लावत. सूज उतरली होती. पावसाळा त्यांनी चालत फिरत काढला. दिवाळीत त्यांनी स्वतः करंज्या केल्या. नाथाजींना वाटायला लागलं होतं की नाही म्हटलं नाही ते बरंच झालं.

पण गेले काही आठवडे सूज पुन्हा चढत होती.

दवाखान्यात नेहमीप्रमाणे चंद्राबाई बायकांच्या रांगेत गेल्या आणि नाथाजी बाहेर, इंजेक्शनच्या खोलीच्या खिडकीखालच्या पायरीवर बसले. तिथं सावली असे. कुणीतरी टाकलेलं जुनं वर्तमानपत्र होतं. ते उचलून त्यांनी वाचायला घेतलं. गिरणीतही जेवणाच्या सुट्टीत ते मिळेल तो कागद वाचत. लोक हसायचे. सोबत्यांत बसून गप्पा मारणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

खिडकीतून नव्या सिस्टरचा आवाज आला. मायाळू होता.

"मनुबाई, बसा अशा. हात सैल सोडा. मुलगा नाही आला आज?"

"पाळी हाय त्याची."

"चांगला आहे हो मुलगा. मालक कधी गेले तुमचे?"

नाथाजींनी वर्तमानपत्र खाली केलं. मिल्ट्री, ट्रक, दरी. वीस-बावीस वर्षं झाली. हे सगळं पाठ केलेलं होतं. ते उत्तराची वाट पाहत राहिले.

"झालं की आता दीड वरीस," चंद्राबाई म्हणाल्या.

"अगं बाई! आत्ताच की. आजारी होते?"

"न्हाई वं. धडधाकट हुतं." थोडा वेळ नुसत्या धापेचा आवाज आला. "आवाजातला मानूस. सारा जल्म साच्यांच्या खडखडाटात गेला. घरात बी वरडूनच बोलायचं. शेजारनी म्हनायच्या, तुजा नवरा भांडतोय व्हय गं सदाकदा? म्या म्हनायचं, न्हाई बाई, मीठ मागत्यात." त्या हसल्या असाव्यात. "मग एक दिस गप झालं."

"झोपेत गेले?"

"जागंपनी. सांजचं घरी आलं. हातातला नारळ देवापुडं ठिवला, डबा फळीवर ठिवला, आन् भिंतीकडं तोंड करून बसलं. त्यातच गेलं. आमास्नी कुनाला कळलं बी न्हाई. मला तर लय दिसांनी कळलं."

आत तबकाचा, सुईचा किणकिणाट झाला. मग सिस्टर म्हणाली, "त्रास नाही झाला म्हणायचा."

"त्येंचं बरं झालं. मी मातुर अजून ताट वाढती. सवं लागलीया."

"होतं असं," सिस्टर म्हणाली. "माझी आईसुद्धा वाढायची. हं, झालं. दाबून धरा."

नाथाजींनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती नीट आली नाही, म्हणून उलगडून परत घातली. खिडकीखाली आपण बसतो हे तिला माहीत होतं की नाही, हे त्यांना आठवेना. बहुतेक माहीत होतं. तीच एकदा म्हणाली होती, तिथं सावली हाय, तिथं बसत जावा.

चंद्राबाई बाहेर आल्या नाहीत. सिस्टर आली.

"मनुबाई घार्गेंबरोबर कोण आहे?"

नाथाजी उठले.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"दीर," नाथाजी म्हणाले. मग धाकटे समजायला नकोत म्हणून त्यांनी भर घातली, "थोरला."

"मुलाला बोलावून आणा. पाणी वर चढलंय. डॉक्टर मोठ्या इस्पितळात पाठवतायत, विम्याच्या खाटेवर. मुलाची सही लागेल."

"किती दिस ठेवतील?"

सिस्टरनं आतल्या खोलीकडं पाहिलं. "आता घरी न्यायचं मनात धरू नका," ती म्हणाली.

धनाजीला कारखान्यातून बोलावून आणेपर्यंत दुपार कलली. चंद्राबाईंना गाडीत चढवताना नाथाजींनी खिशातली डबी काढली आणि मुठीत झाकून पुढं केली. चंद्राबाईंनी मूठ पाहिली आणि मान हलवली. "वार्डात नगं," त्या हळूच म्हणाल्या. "कुनी बगितलं तर पोराच्या पोटावर पाय यील."

गाडीत एकालाच जागा होती. धनाजी मुलगा होता. तो बसला.

दुसऱ्या दिवशी नाथाजी भेटायच्या वेळेच्या आधीच इस्पितळात पोचले. एका वेळी एकालाच आत सोडत. दारावरच्यानं विचारलं, त्यांनी नातं सांगितलं. आता ते अडखळत नव्हते.

बायकांचा वार्ड लांबलचक होता. चंद्राबाई खिडकीपासच्या खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. कोरं कपाळ उजेडात चमकत होतं. नाथाजींना खाटांमधल्या वाटेनं येताना त्यांनी पाहिलं. क्षणभर दोघांची नजर भेटली. नाथाजींना वाटलं, आता ती म्हणेल, आवं, या.

चंद्राबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, पार नाकापर्यंत, आणि भिंतीकडं तोंड केलं.

"कोण आलंय हो?" शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं.

"आमचं थोरलं भावजी."

शेजारीण लगबगीनं सावरून बसली. नाथाजी खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. तिथं स्टूल होतं, पण बसले नाहीत. लुगड्याच्या हिरव्या काठाखाली चंद्राबाईंची पाठ वरखाली होत होती. हे लुगडं नाथाजींनीच गिरणीच्या दुकानातून आणलेलं होतं.

"बरं वाटतंय का, म्हणावं," नाथाजी शेजारणीला म्हणाले.

"बरं वाटतंय का विचारतायत," शेजारीण म्हणाली.

"बरं हाय म्हणावं. त्येंचं जेवन झालं का?"

"झालं," नाथाजी म्हणाले. झालेलं नव्हतं.

 दुसऱ्या टोकाला एक म्हातारी कण्हत होती. नाथाजींचा हात बंडीच्या खिशावर गेला आणि तसाच राहिला. त्यांना काही बोलायचं होतं, ते शेजारणीकडून कसं सांगायचं हे त्यांना कळत नव्हतं. एकदा त्यांनी घसा खाकरला. पदरातलं डोकं जरासं हललं, जणू कान देऊन ऐकत होतं. 

"त्येंस्नी म्हणावं," पदराआडून आवाज आला, धापेमुळे तुटक, "रोज नगा येऊ. पोरगं येतंय, पोरगी येतीया. थोरल्या दिरानं सारकं येरझारा घालनं बरं दिसत न्हाई."

"म्हणतायत की—"

"ऐकलं," नाथाजी म्हणाले.

ते बाहेर आले तेव्हा विजयमाला फाटकाशी उभी होती. पाळी सुटल्यावर ती तशीच आली होती. केसांत कापसाचे तंतू होते. हातातल्या पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी होती. इथं ती पुतणी होती.

"काय म्हनली आई?"

नाथाजींनी खिशातून डबी काढली. दोरा सैल झाला होता. तो उलगडून ते सावकाश, एकावर एक वेढा देत गुंडाळायला लागले.

"तुजी चुलती म्हनली, रोज येऊ नका," ते म्हणाले. "बरं दिसत न्हाई."

विजयमाला त्यांच्याकडं पाहतच राहिली. त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, ती घट्ट बसली का ते नखानं ओढून पाहिलं, आणि डबी तिच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली सारली.

"ही तुज्याजवळ असू दे. वेळ आली तर हाताशी लागंल," ते म्हणाले. "पोरीला कुनी इचारत न्हाई."